हायड्रो थांबवताना ‘ओव्हर व्होल्टेज’: हे व्होल्टेज येतं कुठून?

मिरजेच्या एका लाँड्रीवाल्यांचा प्रश्न आहे. दवाखान्यांच्या चादरी आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे धुण्याचं त्यांचं काम. कपडे पिळायला ४८ इंची हायड्रो (जाळीची बास्केट जोरात फिरवून कपड्यांतलं पाणी काढणारं मशीन), मोटर १० एचपी, ४ पोल, १४५० आरपीएम. आधी साधा स्टार्टर होता, मोटरवर सेंट्रिफ्युगल क्लच आणि बाजूला हाताने ओढायचा पट्टीचा ब्रेक. क्लचची लायनर सारखी जळायची, म्हणून क्लच काढून सरळ पुली टाकली आणि साडेसात किलोवॅटचा व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवला. वेग चढताना आणि चालताना काही त्रास नाही. स्टॉप दाबलं की चार-पाच सेकंदांत ‘ओव्हर व्होल्टेज’ दाखवून ड्राइव्ह ट्रिप होतो. वायरमन म्हणतो लाइनचं व्होल्टेज जास्त आहे, स्टॅबिलायझर घ्या. सर्व्हिसवाला म्हणतो कार्ड गेलंय, अठरा हजार लागतील. शेवटी जाता जाता त्यांनी विचारलंय, ६० हर्ट्झवर चालवला तर कपडे लवकर सुकतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही: अजिबात चालवू नका. कारण पुढे सांगतो. तोवर ड्राइव्हमधली कमाल फ्रिक्वेन्सी ५० वर लॉक करून टाका.

आता मुख्य गोष्ट. वायरमनचं म्हणणं आकड्यांवर तपासून बघा. ड्राइव्ह आत येणारी तीन फेज वीज आधी डायोडमधून काढून डीसी करतो. ४१५ व्होल्ट लाइनला ही डीसी साधारण ५८५ व्होल्ट भरते, म्हणजे ४१५ गुणिले १.४१. या वर्गातले बहुतेक ड्राइव्ह ८०० व्होल्टच्या आसपास ओव्हर व्होल्टेजला ट्रिप होतात. नुसत्या लाइनने ८०० गाठायचे म्हटले तर लाइन ५६५ व्होल्टच्या पुढे जायला हवी. तेवढी गेली असती तर हायड्रोच्या आधी तुमच्या लाँड्रीतले पंखे, दिवे आणि इस्त्रीची मशिनं उडाली असती. रात्री लोड कमी असताना आपल्याकडे लाइन ४४०-४५० ला जाते हे खरं, पण ४५० लासुद्धा डीसी ६३५ च्या वर जात नाही. शिवाय लाइन जास्त असती तर ट्रिप चालतानाही आली असती. तुमचा ड्राइव्ह नेमका स्टॉप दाबल्यावरच ट्रिप होतोय.

म्हणजे ते वरचे दोनशे व्होल्ट लाइनकडून येत नाहीत, ते मोटरकडून येतात. स्टॉप दाबल्यावर तुमची मोटर मोटर राहत नाही, ती जनरेटर होते.

हे ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात. ‘साहेब, मोटर ती मोटर, जनरेटर तो जनरेटर.’ कुपवाड एमआयडीसीत पॅनेल आणि ड्राइव्ह दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतोय, पण त्याआधी मी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सला होतो. तिथे हा संशय पहिल्याच आठवड्यात फिटला. तेव्हाच्या जुन्या चक्क्यांच्या डोक्यावर, गिअरबॉक्सच्या पलीकडे, जे यंत्र बसलेलं असायचं ते म्हणजे तुमच्याकडे आहे तशी इंडक्शन मोटरच. आत तसाच पिंजऱ्याचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग. ४ पोलचं यंत्र ५० हर्ट्झला जोडलं की त्याचं चुंबकीय क्षेत्र १५०० आरपीएमने फिरतं. रोटर त्याच्या मागे, १४५० ने फिरत असेल तर यंत्र लाइनकडून वीज घेतं आणि ती मोटर असते. वाऱ्याने ढकलून रोटर १५१५-१५२० ला नेला की तेच यंत्र, त्याच तीन तारांतून, लाइनला वीज परत द्यायला लागतं. वाइंडिंग बदलायचं नाही, तारा अदलाबदल करायच्या नाहीत. वारा कमी-जास्त होताना पॅनेलवरचा किलोवॅटचा काटा शून्याच्या अलीकडे-पलीकडे डोलायचा, तो बघत आम्ही चहा प्यायचो. रोटर क्षेत्राच्या पुढे आहे की मागे, एवढाच काय तो फरक.

तुमच्या हायड्रोत वारा नाही, पण फिरती बास्केट आहे. चालताना ड्राइव्ह ५० हर्ट्झ देतोय, क्षेत्र १५०० ने, रोटर १४५० ने. तुम्ही स्टॉप दाबता. ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी उतरवायला लागतो: ४९, ४८, ४७. ४७ हर्ट्झला क्षेत्र १४१० वर आलं. बास्केट मात्र इतकी जड की रोटर अजून १४४० च्या आसपासच आहे. रोटर पुढे गेला, क्षेत्र मागे राहिलं, आणि चाळकेवाडीची चक्की तुमच्या लाँड्रीत सुरू झाली.

ही वीज मोटरकडून ड्राइव्हच्या आयजीबीटीमधून (डीसीचे तुकडे करून मोटरला देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) उलटी डीसीवर येते. तिथून पुढे लाइनकडे मात्र ती जाऊ शकत नाही, कारण पुढे डायोड आहेत. नदीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर जाऊ देतो पण खाली परत येऊ देत नाही, तसेच हे डायोड. वीज मधल्या कपॅसिटरमध्ये साचते, व्होल्टेज चढतं, ८०० ला आलं की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद पडतो. त्यामुळे कार्ड गेलं असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. कार्ड आपलं काम चोख करतंय.

किती वीज साचते याचा अंदाज करून बघू. बास्केटचं वजन तुम्ही दिलेलं नाही. ४८ इंचीला रिकामी बास्केट १६० किलो आणि ओले कपडे १०० किलो धरतो, आणि हे सगळं वजन केंद्रापासून सरासरी अर्ध्या मीटरवर आहे असं मानतो. पुली-पट्ट्यानंतर बास्केटचा वेग ८०० आरपीएम धरला तर त्यात साठलेली ऊर्जा सव्वादोन लाख ज्यूलच्या थोडी वर निघते. आता साडेसात किलोवॅटच्या ड्राइव्हमधला कपॅसिटर उदारपणे हजार मायक्रोफॅरड धरा. ५८५ पासून ८०० पर्यंत भरायला त्याला किती ऊर्जा पुरते? दीडशे ज्यूल. हौदभर पाणी एका तांब्यात ओतायला निघालोय आपण. तुमची वजनं माझ्या अंदाजापेक्षा निम्मी निघाली तरी गोष्ट बदलत नाही.

तुम्ही डिसेल टाइम, म्हणजे ड्राइव्हने वेग शून्यावर उतरवायचा वेळ, किती ठेवलाय ते लिहिलेलं नाही, पण तो पंधरा सेकंदांच्या आसपास असावा. बहुतेक वेळा असंच असतं. चढायला नव्वद सेकंद द्यावे लागतात हे लोकांना लवकर कळतं, कारण कमी दिले तर ओव्हर करंट येतो. उतरायला मात्र पंधरा, कारण ‘थांबवायचंच तर आहे’. मोटरला दोन्ही सारखंच जड. पंधरा सेकंदांत थांबवायचं म्हणजे सुरुवातीच्या क्षणाला सुमारे तीस किलोवॅट परत घ्यायचे. तुमची मोटर साडेसातची. साठ सेकंद दिले तर सुरुवातीचा आकडा साडेसात किलोवॅटवर येतो, म्हणजे मोटरच्या कुवतीत. तीन मिनिटं दिली तर अडीच किलोवॅट, आणि त्यातला बराचसा भाग मोटरची स्वतःची गरमी, पट्टे, बेअरिंग आणि बास्केटला लागणारी हवा हेच खाऊन टाकतात.

आधी हे का होत नव्हतं? पूर्वी स्टार्टर सोडला की मोटरचा लाइनशी संबंध तुटायचा. इंडक्शन यंत्राला स्वतःचं चुंबकत्व नसतं, ते बाहेरून उसनं घ्यावं लागतं. लाइन सुटली की चुंबकत्व गेलं, रोटर कितीही फिरला तरी वीज नाही. बास्केटमधली ती सव्वादोन लाख ज्यूल तुमचा माणूस ब्रेकची पट्टी ओढून लायनरमध्ये जाळत होता. आता ड्राइव्ह स्वतः चुंबकत्व पुरवत राहतो, म्हणून उतरतानाही यंत्र जिवंत असतं.

क्लचच्या लायनरचं कोडंही इथेच सुटतं, आणि हे मला स्वतःला फार उशिरा समजलं. एखादं जड चाक सरळ लाइनवर शून्यापासून पूर्ण वेगाला नेलं, तर चाकात जेवढी ऊर्जा साठते साधारण तेवढीच ऊर्जा घसरणीत उष्णता म्हणून जाते. क्लच असेल तर क्लचमध्ये, नसेल तर रोटरमध्ये. म्हणजे प्रत्येक घाण्याला (एका वेळी भरलेल्या कपड्यांना) सव्वादोन लाख ज्यूल चढताना क्लच खात होता आणि तेवढेच उतरताना ब्रेक खात होता. लायनर हलक्या प्रतीचं नव्हतं, त्याला कामच तेवढं होतं. व्हीएफडीने चढतानाची ती नासाडी जवळजवळ संपवली, कारण आता फ्रिक्वेन्सी रोटरच्या जरा पुढे राहूनच वर जाते. तुमचा व्हीएफडी घ्यायचा निर्णय बरोबरच होता, फक्त उतरण्याचा हिशेब कोणी केला नाही.

आता उपाय. इथून पुढे उत्तर तुमच्या कामावर अवलंबून आहे. दिवसाला किती घाणे निघतात आणि दोन घाण्यांमध्ये किती वेळ परवडतो, हे दोन आकडे मला हवे होते.

दिवसाला पंधरा-वीसच घाणे असतील तर पैसे खर्चूच नका. डिसेल टाइम १८० सेकंद करा. तरी ट्रिप आला तर २४०. कामगाराला तेवढ्या वेळात पुढचा गठ्ठा मोजू द्या. ड्राइव्हमध्ये ‘ओव्हरव्होल्टेज स्टॉल’ किंवा तशा अर्थाचं एक पॅरामीटर असतं. ते चालू असलं की डीसी चढायला लागल्यावर ड्राइव्ह आपणहून उतरणं थांबवतो आणि व्होल्टेज बसलं की पुन्हा उतरतो. ते चालू ठेवा. पंचवीस रुपयांचासुद्धा खर्च नाही.

घाण्यामागे घाणा लागलेला असेल, सकाळी दवाखान्यांना चादरी पोचवायच्या म्हणून रात्रभर मशीन चालत असेल, तर ब्रेकिंग रेझिस्टर घ्या. डीसी ठरावीक व्होल्टेजच्या वर गेली की (ड्राइव्हनुसार ७०० ते ७८० च्या दरम्यान) आतला चॉपर, म्हणजे आणखी एक इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू होतो आणि जादा वीज रेझिस्टरमध्ये जाळतो. साडेसात किलोवॅटच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये चॉपर आतच असतो, दोन टर्मिनल मोकळी ठेवलेली असतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या, काही स्वस्त मॉडेलमध्ये तो नसतो.

रेझिस्टर निवडताना दुकानात सगळे ओहम विचारतात आणि वॅट विसरतात. दोन्ही लागतात. ओहमवरून एका क्षणाला किती वीज जळेल ते ठरतं: ७५ ओहम असेल तर ७६० व्होल्टला ७.७ किलोवॅट. साठ सेकंदांत थांबवायला हे पुरतं. मॅन्युअलमध्ये किमान ओहम दिलेले असतात, त्याच्या खाली कधीही जाऊ नका, नाहीतर चॉपरचा आयजीबीटी जाईल. वॅटवरून रेझिस्टर दिवसभर तग धरेल की नाही ते ठरतं. दर आठ मिनिटांनी सव्वादोन लाख ज्यूल म्हणजे सरासरी पावणेपाचशे वॅट. कागदावर ५०० वॅटचा चालेल असं वाटतं. मी २ किलोवॅटचा, तारेचा, जाळीच्या डब्यातला घेतो, कारण उतरतानाच्या त्या एका मिनिटात त्याच्यावर सरासरीच्या कितीतरी पट मार असतो, आणि तुमच्या लाँड्रीत आधीच भट्टीसारखं गरम असतं.

रेझिस्टर बसवताना दोन गोष्टी. ओव्हरव्होल्टेज स्टॉलचं जे पॅरामीटर वर चालू ठेवायला सांगितलं, ते आता बंद करा. नाहीतर डीसी चॉपरच्या व्होल्टेजपर्यंत पोचायच्या आधीच ड्राइव्ह उतरणं लांबवत राहतो, रेझिस्टर गारच्या गार राहतो, आणि फोन येतो, ‘तुम्ही दिलेला रेझिस्टर काम करत नाही.’ माझ्या पहिल्या दोन-तीन कामांत मीही इथेच फसलो होतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. तुमच्यासारख्याच एका कपड्यांच्या कामाच्या ठिकाणी मला वास येतोय म्हणून बोलावलं होतं. रेझिस्टर पॅनेलच्या डोक्यावर ठेवलेला, दिसायला नीटनेटका. वरची जाळी काढली तर आतल्या तारांवर कपड्यांच्या तुसाचा थर बसलेला, करड्या गोधडीसारखा, आणि मधोमध तो तपकिरी होत काळा पडलेला. बोट लावलं तर भुगा झाला. अजून आठवडाभरात तिथे आग लागली असती. हायड्रो आणि ड्रायरच्या खोलीत हा तूस हवेत तरंगत असतो, पंख्यांच्या जाळ्यांवर तुम्ही रोज बघत असाल. रेझिस्टर त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाखाली लावा. तार उष्णतेला टिकणाऱ्या इन्सुलेशनची वापरा, अंतर पाच-सात मीटरच्या आत ठेवा, आणि दर पंधरवड्याला ब्रशने साफ करा. ड्राइव्हच्या स्वतःच्या पंख्यालाही तोच नियम.

रेझिस्टरवर एक थर्मल स्विच येतो. तो ड्राइव्हच्या ‘एक्स्टर्नल फॉल्ट’ला जोडून लोक मोकळे होतात. तसं करू नका. चॉपरचा आयजीबीटी शॉर्ट झाला तर रेझिस्टर कायमचा डीसीला जोडला जातो. ५८५ व्होल्ट, ७५ ओहम, म्हणजे साडेचार किलोवॅट, सतत. ड्राइव्ह ट्रिप झाला तरी डायोड वीज देतच राहतात, कारण त्यांना बंद करणारं कोणी नसतं. २ किलोवॅटचा रेझिस्टर लालबुंद होतो. म्हणून थर्मल स्विच ड्राइव्हच्या आधीच्या कॉन्टॅक्टरच्या (लाइन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) कॉइलमध्ये हवा. रेझिस्टर तापला की कॉन्टॅक्टर पडला पाहिजे, सगळी वीजच तुटली पाहिजे. कॉन्टॅक्टर नसेल तर आधी तो बसवा.

काही जण डीसी इंजेक्शन ब्रेक, म्हणजे थांबवताना मोटरलाच डीसी देणं, सुचवतील, पॅरामीटर बदलला की झालं, खर्च नाही. त्यात बास्केटची सगळी ऊर्जा मोटरच्या रोटरमध्ये जळते. शेवटच्या दोन-तीन हर्ट्झला, बास्केट रेंगाळते तेव्हा, वापरा. ५० पासून वापराल तर क्लचचं जळणं रोटरकडे आणलं एवढंच होईल.

कोणी ‘वीज वाया का घालवता, रिजनरेटिव्ह युनिट लावा, वीज लाइनला परत द्या’ असंही सांगेल. तत्त्व बरोबर आहे. साखर कारखान्यातल्या बॅच सेंट्रिफ्युगलला ते शोभतं. तिथे मोटर दोन-तीनशे किलोवॅटची, दर दोन-तीन मिनिटांनी चढ-उतार, आणि ओळीने पाच-सहा मशिनं. एकाच डीसीवर जोडली की एकाची उतरतानाची वीज दुसऱ्याला चढताना मिळते. त्याच्याही आधी, ड्राइव्ह नव्हते तेव्हा, तिथे दोन वाइंडिंगच्या मोटरी असत. वेगाच्या वाइंडिंगवरून हळूच्या वाइंडिंगवर टाकलं की मोटर तेवढा वेळ जनरेटर होऊन लाइनला वीज द्यायची. तुमच्या हायड्रोचा हिशेब बघा: एका घाण्याला सव्वादोन लाख ज्यूल म्हणजे ०.०६ युनिट. दिवसाला साठ घाणे धरले तर पावणेचार युनिट, आणि त्यातलंही सगळं हाती लागणार नाही. युनिटला दहा रुपये धरा, दिवसाला तीसेक रुपये. त्या रिजनरेटिव्ह यंत्राच्या किमतीचं व्याजसुद्धा निघायचं नाही.

आता ज्यासाठी मी हे उत्तर रात्री बसून लिहितोय ते. ट्रिप होणं हा तुम्हाला कटकटीचा प्रश्न वाटतोय. मला तो माणसाच्या हाताचा प्रश्न वाटतो. ओव्हर व्होल्टेजला ट्रिप झाला की ड्राइव्ह मोटर सोडून देतो. त्या क्षणी चुंबकत्व जातं, रोखणारं काहीच उरत नाही, आणि २६० किलोची बास्केट सहा-सातशे आरपीएमने मोकळी फिरत राहते. आधी क्लच असताना निदान हातात ब्रेक होता आणि माणसाला तो ओढायची सवय होती. आता पॅनेलवर लाल दिवा लागलाय, मोटरचा आवाज थांबलाय, बाहेरून बघणाऱ्याला मशीन बंद झाल्यासारखं वाटतं. घाईतला नवा पोरगा झाकण उघडतो, चादरीचं लोंबतं टोक धरतो. फिरत्या कापडाने मनगटाला वेढा घातला की हात सुटत नाही. आपल्याकडे लाइट जाण्याचंही तसंच. लाइट गेली की क्षणात ड्राइव्ह अंडर व्होल्टेजला पडतो आणि बास्केट पुन्हा मोकळी. रेझिस्टर असला तरी तेव्हा तो कामाला येत नाही.

म्हणून तो जुना पट्टीचा ब्रेक काढला असेल तर परत बसवा. त्याला एक लिमिट स्विच लावा, म्हणजे ब्रेक ओढल्याबरोबर ड्राइव्हचा रन सिग्नल तुटेल, मोटर आणि ब्रेक एकमेकांशी भांडणार नाहीत. आणि झाकणाला असं लॉक हवं की बास्केट प्रत्यक्ष थांबल्याशिवाय ते उघडणारच नाही. ‘ड्राइव्ह शून्य हर्ट्झ दाखवतो’ या सिग्नलवर लॉक सोडू नका, कारण ट्रिप झाल्यावरही ड्राइव्ह शून्यच दाखवतो. बास्केटच्या खालच्या शाफ्टवर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि त्याच्या जोडीला स्पीड रिले लावा. शाफ्टवरचा बोल्ट सेन्सरसमोरून काही सेकंद गेला नाही, तरच लॉक सुटेल. लाइट गेली तर लॉक बंदच राहिलं पाहिजे. कामगार कुरकुर करतील, करू द्या.

६० हर्ट्झचं कारणही इथेच. ५० वरून ६० म्हणजे वेग वीस टक्क्यांनी वाढला. बास्केटच्या पत्र्यावर बाहेर फेकणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४४ टक्के जास्त. बनवणाऱ्याने ती वेल्डिंग आणि ते बेअरिंग ८०० आरपीएमसाठी केलेलं असतं, आणि दवाखान्याच्या कपड्यांतल्या ब्लीचने जाळीची भोकं वर्षानुवर्षं खाल्लेली असतात. त्यात कपडे एका बाजूला बसले तर विचारायलाच नको. मोटरचंही बघा: ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ म्हणजे हर्ट्झला ८.३ व्होल्ट. २५ हर्ट्झला ड्राइव्ह २०७ व्होल्ट देतो, प्रमाण तेच, म्हणून जोरही तेवढाच. ५० च्या पुढे व्होल्टेज वाढायला जागाच नाही, त्यामुळे क्षेत्र पातळ होतं आणि जोर उतरतो. तुम्हाला लवकर सुकलेले कपडे हवेत तर ५० वरच दोन मिनिटं जास्त ठेवा.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. जुन्या स्टार्टरला तीन-चार केव्हीएआरचा कपॅसिटर होता का? बिलातला पॉवर फॅक्टर सुधारायला आपल्याकडे सगळ्यांच्या मोटरींना असतो. वायरमनने स्टार्टर काढून तारा तशाच ड्राइव्हला जोडल्या असतील तर तो कपॅसिटर अजून मोटरच्या बाजूला लोंबत असेल. ड्राइव्हच्या आउटपुटवर कपॅसिटर म्हणजे आयजीबीटीचा काळ. सेकंदाला हजारो वेळा तुकडे होऊन येणारं व्होल्टेज त्याला दिलं की प्रत्येक तुकड्याला करंटचा झटका बसतो. शिवाय ड्राइव्ह सुटल्यावर फिरत्या मोटरला तोच कपॅसिटर चुंबकत्व पुरवू शकतो, आणि लाइन नसतानाही टर्मिनलवर व्होल्टेज उभं राहतं. एखाद्या ओढ्यावर पंप उलटा फिरवून जुन्या मोटरीतून वीज काढतात, ती याच युक्तीने. लाँड्रीत ती युक्ती नको. कपॅसिटर असेल तर आजच काढा.

मोटरची शिट्टी ऐकू येते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो दोष नाही. ड्राइव्हची कॅरियर फ्रिक्वेन्सी (व्होल्टेजचे ते तुकडे करण्याचा वेग) २ किलोहर्ट्झच्या आसपास असेल तर ती कानाला टोचते. सतार-तंबोऱ्याच्या गावात राहता, कान तयार असणारच. ती ६ ते ८ करा, शिट्टी बरीच दबेल. पण ड्राइव्ह थोडा जास्त तापेल, म्हणून आधी त्याचा पंखा आणि हीटसिंक साफ करा.

उद्या सकाळी काय करायचं ते सांगतो. मेन बंद करून, ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा विझेपर्यंत किमान दहा मिनिटं थांबून, आउटपुटला कपॅसिटर आहे का बघा. डिसेल १८० सेकंद करा. ड्राइव्हच्या मॉनिटरमध्ये डीसी बस व्होल्टेजचा आकडा लावा. आधी रिकाम्या बास्केटने चालवून स्टॉप दाबा आणि मोबाइलवर त्या आकड्याचा व्हिडिओ काढा. मग भरल्या बास्केटने तसंच. माझा अंदाज बरोबर असेल तर चालताना आकडा ५७०-५९० च्या आसपास स्थिर दिसेल, स्टॉपनंतर रिकाम्याला थोडाच चढेल, भरल्याला ६५०-७०० कडे सरकेल आणि परत बसेल. मग पंधरा सेकंदांवर फक्त रिकाम्या बास्केटने एकदा करून बघा, आकडा कसा उसळतो ते दिसेल. चालतानाच, ५० हर्ट्झला स्थिर असताना, आकडा मधूनच ७०० च्या पुढे गेला तर मात्र माझं निदान चुकलं. मग कार्डावरची व्होल्टेज मोजणारी सर्किट तपासायला लागेल. घाण्यांची संख्या, बास्केटचं वजन आणि ड्राइव्हच्या मॅन्युअलमधले किमान ओहम कळवा, रेझिस्टरचा नक्की आकडा काढून देतो. तोवर अठरा हजारांचं कार्ड मागवू नका आणि स्टॅबिलायझरवाल्याला थांबायला सांगा.